वेगळी बोट कशाला?



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग महिनाभर संगणकासमोर बसायची बंदी, मग गणपती आले. आज मात्र बसलेच आहे, कारण आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न पंधरा दिवस डोक्यात घोळतो आहे आणि ते हे पान नेमाने वाचतात. फोनवर उत्तर देता आलं असतं. पण फोनवर ते बोलतात आणि मी ऐकते असा आमचा जुना रिवाज आहे! म्हणून लिहिते.

माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी, कॅलिफोर्नियात असते. गेली २२ वर्षं ती आणि तिची जोडीदार एकत्र राहतात, तिथल्या कायद्याने दोघींचं रीतसर लग्न झालेलं आहे. (हे तिला विचारून लिहिते आहे. "मावशी, नाव सोडून काय हवं ते लिही," म्हणाली.) आमच्या घरात बहुतेकांना हे माहीत आहे. काहींना माहीत असूनही माहीत नसतं. तर या दोघी जुलैत अलास्काला जाऊन आल्या, बोटीने. आणि त्या अख्ख्या बोटीवर प्रवासी म्हणून बायकाच होत्या, त्यातल्या बहुतेक समलिंगी. भाचीने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले. हिमनद्या, देवमाशाची शेपटी, गरम कपड्यांत गुरफटलेल्या साठीच्या बायकांचा एक घोळका. खाली या गृहस्थांचा प्रश्न : "फोटो सुंदर. पण यांना वेगळी बोट कशाला? सगळ्यांबरोबर जायला कोणी अडवलंय?"

प्रश्न कुत्सितपणे विचारलेला नव्हता, हे मी त्यांना ओळखते म्हणून सांगू शकते. त्याखाली ज्यांनी हसरी तोंडं टाकली त्यांच्याबद्दल तसं म्हणवत नाही. पण प्रश्न घ्यायचा तर नीट घ्यावा. ३२ वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे. मागच्या बाकावरून आलेला प्रश्न हसण्यावारी नेला की तो विद्यार्थी पुन्हा हात वर करत नाही, एवढं कळतं.

आता मराठी माणसाला ग्रुप टूर म्हणजे काय हे सांगायला नको. आल्प्सच्या पायथ्याशी वरणभात, बसमध्ये अंताक्षरी आणि हाउझी, टूर मॅनेजरच्या हातात झेंडा, आणि "पाच मिनिटांत बसमध्ये या" म्हटलं की पंचवीस मिनिटं. मला हा प्रकार आवडतो, उगाच नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. आपलं आपण युरोप फिरण्याइतकं इंग्रजी आम्हा दोघांकडे नव्हतं आणि धाडसही नव्हतं. त्या बसने आम्हाला २०११ साली सात देश दाखवले. पण या बसचा एक नियम असतो, तो कुठे छापलेला नसतो. पहिल्या दिवशी माईक फिरतो आणि प्रत्येकाने उभं राहून आपली ओळख करून द्यायची. नाव, गाव, नोकरी, बरोबर कोण, मुलं किती, कुठे असतात, लग्नं झाली का. एकदा ही ओळख झाली की पुढचे बारा दिवस तुम्ही त्या चाळीस जणांचे नातेवाईकच. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या लग्नाचा वाढदिवस, केक येतो, टाळ्या पडतात.

आमच्या त्या बसमध्ये दोन बायका होत्या. दोघीही साठीच्या आत-बाहेर, दोघीही निवृत्त. माईक आला तेव्हा एकीने दोघींची नावं सांगितली आणि "आम्ही मैत्रिणी" म्हणून माईक पुढे दिला. झालं! त्या क्षणापासून सगळी बस त्यांच्या मागे. मिस्टर नाही आले? लग्नच नाही केलं? का बरं? दोघींनीही नाही? मग आता घरी कोण असतं? विचारणारी माणसं वाईट नव्हती. त्यांतल्याच एका वहिनींनी मला लुसर्नला थंडी वाजते म्हणून आपली शाल दिली होती. पण चौथ्या दिवसापासून त्या दोघी सगळ्यांच्या आधी नाश्ता उरकून निघून जायला लागल्या आणि बसमध्ये अगदी शेवटच्या सीटवर बसायला लागल्या. त्या एकमेकींच्या कोण होत्या मला ठाऊक नाही, ठाऊक करून घ्यायचं कारणही नव्हतं. सांगायचा मुद्दा एवढाच की आम्ही बाकीच्यांनी पैसे भरून आल्प्स पाहिला आणि त्या दोघींनी तेवढेच पैसे भरून बारा दिवस उत्तरं दिली.

"कोणी अडवलंय?" याचं उत्तर माझ्या मते यातच आहे. अडवत कोणी नाही. बसायला सीट मिळते, खोलीची किल्ली मिळते, वरणभातही मिळतो. फक्त सबंध वेळ मनात एक पहारेकरी उभा ठेवावा लागतो. आता काय बोललो, "आम्ही" म्हटलं की "मी" म्हटलं, हात कुठे होता, कोणी बघितलं का. भाचीने मला फोनवर अलास्काचं सगळं वर्णन केलं, बर्फाचा कडा समुद्रात कोसळताना तोफेसारखा आवाज होतो वगैरे, आणि मग म्हणाली, "मावशी, हिचा हात धरण्याआधी मी नेहमी एकदा मागे वळून बघते. कॅलिफोर्नियातसुद्धा. लहानपणापासूनची सवय. त्या सात दिवसांत एकदाही बघितलं नाही, हे मला विमानात बसल्यावर लक्षात आलं."

आणि वेगळ्या सहलींचं आपल्याला एवढं नवल का वाटावं? 'फक्त महिलांसाठी' अशा सहली केसरी काय, वीणा वर्ल्ड काय, आपल्याच मराठी कंपन्यांनी घरोघर पोचवल्या. ज्येष्ठांसाठी वेगळ्या, नवविवाहितांसाठी वेगळ्या. बायकांच्या सहली निघाल्या तेव्हाही "नवऱ्यांबरोबर जायला कोणी अडवलंय" असं म्हणणारे होतेच. मी स्वतः २०१४ साली अशा सहलीतून थायलंडला गेले आणि चौसष्टाव्या वर्षी, पंजाबी ड्रेस घालून का होईना, पहिल्यांदा समुद्रात गळ्यापर्यंत उतरले. आमच्या यांनी आयुष्यात मला कशाला 'नाही' म्हटलं नाही. पण ते किनाऱ्यावर असते तर त्यांची टोपी, त्यांची दुपारची गोळी, त्यांना लागणारं ऊन यांतच माझा जीव अडकला असता. वेगळं जाणं म्हणजे दर वेळी कुणाविरुद्ध जाणं नसतं. वारीचंच बघा. रस्ता एक, पंढरपूर एक, विठोबा एक. तरी माणूस आपापल्या दिंडीतून चालतो. दिंडीला नंबर असतो, तिची जागा ठरलेली असते, आणि आपली माणसं भोवती आहेत म्हणून रात्री तंबूत निर्धास्त झोप लागते. त्यामुळे तो वारीपासून फुटून निघाला असं आपण म्हणत नाही.

बरं, ही बोट काही काल सुटलेली नाही. १९७२ साली हान्स एबेनस्टन या अमेरिकेतल्या सहल-आयोजकाने समलिंगी पुरुषांचा एक गट कोलोरॅडो नदीवरून, ग्रँड कॅन्यनमधून तराफ्यांनी नेला. अशा सहलींची सुरुवात सहसा तिथूनच धरतात. (ती घळई मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढली आहे, नदीचं खनन कार्य म्हणून. तिच्या पोटातून असा एक इतिहास वाहून गेलाय हे पाठ्यपुस्तकात कुठून असणार!) पुढच्याच वर्षी, १९७३ साली, काही अमेरिकन बायकांनी ऑलिव्हिया नावाची गाण्यांच्या रेकॉर्ड्सची कंपनी काढली, बायकांनी रचलेली, बायकांनी गायलेली, बायकांसाठीची गाणी. १९९० साली या कंपनीने गाण्याचा कार्यक्रम सभागृहाऐवजी पाण्यावर करायचं ठरवलं, एक बोट भाड्याने घेतली आणि ६०० बायकांना बहामा बेटांवर नेलं. हळूहळू रेकॉर्ड्स मागे पडल्या आणि सहली राहिल्या. पुरुषांच्या बाजूने आरएसव्हीपी या कंपनीची पहिली बोट १९८६ साली निघाली. एड्सने एकामागून एक मित्र जात होते, ते हे दिवस. १९८३ साली तर या धंद्यातल्या मंडळींनी आपली आंतरराष्ट्रीय संघटनाही उभी केली होती. १९९१ मध्ये अटलांटिस आली, तिने हा व्यवसाय फार मोठा केला.

अख्खी बोट कशाला, पाच-पन्नास खोल्या घ्याव्यात की, असं कुणी म्हणेल. तसेही गट जातात. पण अर्धी बोट घेतली की उरलेली अर्धी बोट बघत बसते, हा अनुभव. बोट पूर्ण आपली असली की जेवणाची टेबलं, गाणारे, वक्ते, बंदरावरच्या फेऱ्या सगळं आपल्या मनासारखं ठरवता येतं, आणि दोन बायका एकमेकींच्या गळ्यात हात टाकून नाचल्या तर मान वळवून बघायला कोणी उरत नाही.

ज्यांना साध्या बोटीनेच जायचं किंवा जावं लागायचं, त्यांनी जी युक्ती काढली होती ती मला फार आवडली. क्रूझवर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम छापून आदल्या रात्री खोलीत येतो. त्यात योगासनं, पत्त्यांचा डाव, वजन कमी करण्यावर व्याख्यान यांच्यामध्येच एक ओळ असायची : 'फ्रेंड्स ऑफ डोरोथी', अमुक वाजता, अमुक ठिकाणी. डोरोथी म्हणजे 'विझर्ड ऑफ ओझ'मधली मुलगी, १९३९ च्या चित्रपटात ज्युडी गार्लंडने केलेली. समलिंगी पुरुषांमधला हा जुना परवलीचा शब्द. ज्याला कळायचं त्याला कळे, बाकीचे लोक 'असेल कोणी डोरोथीबाई' म्हणून पुढची ओळ वाचत. आता बऱ्याच बोटींवर उघड नावानेच छापतात. हजारभर अनोळखी माणसांत आपलं माणूस शोधायला सांकेतिक शब्द लागावा, याचा विचार केला की "सगळ्यांबरोबर जा की" हे म्हणणं किती सोपं आहे ते कळतं.

आता बंदरांकडे येते. बोटीवर पहारेकरी नको, पण बोट कुठेतरी लागतेच. जानेवारी १९९८ मध्ये अटलांटिसची सुमारे ९०० समलिंगी प्रवाशांची बोट ग्रँड केमनला लागायची होती. केमन बेटांच्या सरकारने आधीच कळवलं की येऊ नका. २००४ साली नटी रोझी ओडॉनेल आणि मंडळींनी आर फॅमिली नावाची क्रूझ काढली, समलिंगी आई-बाप आणि त्यांची मुलंबाळं यांच्यासाठी. ती बोट बहामाच्या नॅसो बंदरात लागली तेव्हा धक्क्यावर निदर्शकांचा जमाव घोषणा देत उभा होता, आणि समोरून लोक बाबागाड्या ढकलत उतरत होते. गंमत म्हणजे बहामात समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारा कायदा १९९१ सालीच गेलेला होता. कायदा जातो, धक्क्यावरची माणसं तिथेच असतात.

२०१२ साली डॉमिनिका बेटावर तर अशाच बोटीवरच्या दोघांना अटक झाली, दंड भरून सुटले. त्या प्रकरणात बोटीच्या सज्जातल्या उघडेपणाचा भाग होता, आणि तो मला पटत नाही. चारचौघांत कसं असावं याचे नियम स्त्री-पुरुष जोडप्यांना आहेत तेच यांनाही असावेत, कमी नाहीत आणि जास्तही नाहीत.

अशा बोटी गेल्या की तो देश सुधारतो, असं म्हणणारेही बरेच भेटतात. मला हे फारसं मान्य नाही. केमनमधला तो कायदा लंडनच्या सरकारने रद्द केला, २००१ च्या पहिल्या दिवसापासून. आणि समलिंगी जोडप्यांच्या भागीदारीला तिथे मान्यता मिळायला २०२० उजाडलं. डॉमिनिकाचा कायदा तिथल्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्दबातल केला, आणि तो खटला बेटावरच्याच एका माणसाने लढवला होता. आठ तासांसाठी धक्क्यावर उतरून, टोपी आणि शंखांची माळ विकत घेऊन पाहुणा कुणाचा समाज बदलत नाही. बदल तिथल्या माणसांनी केला आणि किंमतही त्यांनीच मोजली. पाहुण्याचं काम पाहुण्यासारखं जाऊन येण्याचं.

या सगळ्यात एक गोष्ट मी वाचली आणि दोन दिवस तिने मला सोडलं नाही. फेब्रुवारी २००७. वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्या जॅनिस लँगबेन आणि लिसा पाँड आपल्या तीन मुलांना घेऊन त्याच आर फॅमिलीच्या क्रूझसाठी मायामीला आल्या. बोटीवर चढल्या, पण बोट सुटायच्या आधीच लिसाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. किनाऱ्यावरच्या रुग्णालयात नेलं. जॅनिसने मुखत्यारपत्र मागवून घेतलं, ते रुग्णालयात पोचलंही. तरी तिला आणि मुलांना जवळजवळ आठ तास आत सोडलं नाही. धर्मगुरू अखेरचे संस्कार करायला आले तेवढी काही मिनिटं काय ती भेट. लिसा गेली. जॅनिसने लावलेला दावा कोर्टाने २००९ मध्ये फेटाळला. एप्रिल २०१० मध्ये अध्यक्ष ओबामांनी आदेश काढला की सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांनी रोग्याला कुणी भेटावं हे रोग्यालाच ठरवू द्यावं, आणि त्या वेळी त्यांनी जॅनिसला स्वतः फोन केला.

विचार करा. धक्क्याला लागलेली बोट. तिच्यावर या बाईला सगळे लिसाची जोडीदार म्हणून ओळखतात. जेटीचा जिना उतरला, गाडीने काही मिनिटांवर गेलं, की ती लिसाची कोणीही नाही. वेगळी बोट कशाला विचारणाऱ्यांनी त्या जिन्याच्या पायऱ्या मनातल्या मनात एकदा उतरून बघाव्यात.

आपण वर्गात नकाशे वापरतो, प्राकृतिक, राजकीय, पर्जन्याचा. या लोकांना आणखी एक नकाशा वाचता यावा लागतो. आपल्या मराठी पर्यटकांची सर्वांत लाडकी सहल घ्या, सिंगापूर-मलेशिया-थायलंड. एकाच आठवड्याची, एकाच किमतीची सहल, आणि तीन देशांत तीन कायदे! सिंगापूरने २०२२ साली आपलं कलम ३७७-अ रद्द केलं, लग्नाला मात्र मान्यता नाही. मलेशियात कायदा जिवंत आहे, २० वर्षांपर्यंत कैद आणि वर फटके. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना कायद्याने लग्न करता येतं. म्हणजे गुरुवारी गुन्हेगार आणि शनिवारी नवरा-नवरा! मलेशियातला कलमांचा आकडा आणि आपल्या जुन्या दंडसंहितेतला आकडा एकच, ३७७, कारण मसुदा एकाच साहेबाच्या कचेरीतून निघाला होता. आपल्याकडे ते कलम १८६० च्या संहितेत आलं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचा दात काढला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परत बसवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला कायमचा काढला. मॉरिशसने २०२३ मध्ये सोडलं. श्रीलंका, मालदीव, संयुक्त अरब अमिराती इथे अजून गुन्हाच आहे. जगातले साठाहून अधिक देश या यादीत आहेत, आणि युरोपला जाणारं आपलं स्वस्त विमान बहुधा त्यांतल्याच एखाद्या आखाती विमानतळावर तीन तास थांबतं.

तर अशी सहल आखणाऱ्याचं खरं काम हे आहे. इंद्रधनुषी झेंडा लावणं सोपं. कुठल्या देशात खोली देताना दोन पुरुषांना एक पलंग का, असं विचारणार नाहीत; कुठला वाटाड्या आधी सांगून ठेवलेला बरा; कुठे रस्त्यात हात धरायचा नाही; कुठल्या बंदरात फोनमधलं काय काढून टाकायचं; मुखत्यारपत्राच्या प्रती कुणाकडे; कुणाला काही झालं तर रुग्णालयाच्या दारात जोडीदाराच्या बाजूने कोण बोलणार. हे सगळं आधी करून ठेवलेलं असतं म्हणून प्रवासी आठवडाभर ते विसरू शकतो. माणूस पैसे मोजतो ते या विसरण्याचे, असं मला वाटतं.

पैशांवरून आठवलं, ते थोडेथोडके नाहीत. अलास्काचा आकडा भाचीने रुपयांत सांगितला तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. अटलांटिसच्या बोटी रात्रभराच्या नाचगाण्यासाठी प्रसिद्ध आहेत, तिथे मला एक रात्रही काढवणार नाही. (अर्थात २०१७ साली केरळच्या बसमध्ये रोज दोनदा 'झिंगाट' ऐकलं, तेही निभावलंच.) शिवाय ज्याच्या खिशात डॉलर आहेत त्याचंच स्वागत करायचं, अशी 'मैत्री' दाखवणारे देश आणि हॉटेलंही आता पुष्कळ झालीत. हे दोष आहेत, मी ते झाकत नाही. पण ते महाग सहलींचे दोष आहेत, वेगळ्या सहलींचे नव्हेत.

आणि एक. तरुणांची मला तेवढी काळजी नाही. पुण्या-मुंबईतली पंचविशीतली मुलं फोनवर खोली घेतात, पाठीवर सॅक टाकतात आणि बँकॉकला जाऊन येतात. गरज आहे ती म्हाताऱ्यांना. हे लिहायचं धाडस झालं ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. आता साठी ओलांडली आहे त्याने, सरकारी नोकरीतून निवृत्त झाला. २०१८ चा निकाल आला तेव्हा हा पन्नाशी उलटून गेलेला. आयुष्याचा मोठा भाग कायद्याच्या लेखी गुन्हेगार म्हणून काढलेला. तो आणि त्याचा जोडीदार दरवर्षी ज्येष्ठांच्या सहलीला जातात, मित्र म्हणून, ट्विन शेअरिंगमध्ये. मला म्हणाला, "बाई, रोज सकाळी उठलो की मी दुसऱ्या पलंगाची चादर विस्कटून ठेवतो. उशीवर डोक्याचा खळगा पाडतो. खोली आवरायला येणाऱ्या पोराला वाटावं की दोघे वेगळे झोपलो." दुबईत केलं, बालीत केलं, केदारनाथाच्या वाटेवर केलं. साठीच्या माणसाने रोज सकाळी चहाच्या आधी न वापरलेला पलंग वापरल्यासारखा करायचा!

ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा लग्नाला मान्यता दिली नाही. त्यामुळे व्हिसाच्या अर्जात आणि सहलीच्या फॉर्मवर त्या दोघांचं नातं आजही 'मित्र'. परदेशात एकाला काही झालं तर दुसऱ्याची जागा जॅनिसच्या जागेपेक्षा वेगळी नाही.

मराठी सहल कंपन्या महाराष्ट्राचा नाडीचा ठोका ओळखून आहेत, म्हणून त्यांच्यासाठी माझं म्हणणं साधं आहे. बोट नको, जाहिरात नको. २० जणांची छोटी बस, ज्येष्ठांच्या बेताने चालणारी, नाश्त्याला पोहे मिळणारी. थायलंडला न्या, नाहीतर नेपाळला न्या, तिथे नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा पहिल्या लग्नाची नोंद झाली आहे, आणि पासपोर्टचीही कटकट नाही. फॉर्मवर 'नातं' या रकान्यात पती-पत्नी-मुलगा-सून यांच्याखाली 'जोडीदार' एवढा एक शब्द छापा, खोलीत एक पलंग द्या. तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं आणि कुणाचं ऐकायचं हे प्रवाशाने सही करून लिहून द्यावं, टूर मॅनेजरने ते जवळ ठेवावं.

पहिल्या दिवशी माईक मात्र जरूर फिरवा. माझा तो विद्यार्थी गातो फार छान, आठवीत असताना स्नेहसंमेलनात दोन वेळा वन्समोअर घेतला होता.